पडद्याचे आकडे

गेल्या महिन्यात कल्याणला वन्संकडे जाऊन आले. दारात चपला काढते न काढते तोच त्या म्हणाल्या, "पडद्यांकडे बघू नकोस गं, दिवाळीपासून तसेच आहेत." मी बघितलंही नव्हतं. पण त्यांनी म्हटल्यावर नजर गेलीच. हॉलचे पडदे खरंच मळले होते, खालच्या काठाला काळी रेघ धरली होती. आणि वन्सं म्हणजे ज्यांच्या घरी गॅसच्या शेगडीखालीसुद्धा बोट फिरवलं तर काही लागत नाही, अशा बाई.

कारण मला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या साफसफाईत त्या स्टुलावरून पडल्या. त्यांच्याकडे आयलेटचे पडदे आहेत. म्हणजे कापडालाच वरून गोल भोकं, भोकांना कड्या बसवलेल्या आणि त्या कड्यांतून आरपार गेलेला स्टीलचा पाइप. दिसायला फार छान, सारख्या घड्या पडतात. पण काढायचे झाले तर अख्खा पाइप ब्रॅकेटमधून उचलावा लागतो, एका टोकाचं बोंड फिरवून काढायचं आणि मग एकेक पडदा ओढून घ्यायचा. साडेसहा फुटांचा पाइप, त्यावर अस्तर लावलेले चार पडदे, खाली गुळगुळीत लादी आणि लादीवर प्लास्टिकचं स्टूल. पाइपचं एक टोक सुटलं, चारही पडदे त्या बाजूला घसरले, आणि त्यांच्यामागे वन्सं. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला, वॉकर गेला. आता त्या चालतात, देवळात जाऊन येतात, पण स्टुलावर चढायचं नाही अशी मुलाने शपथ घातली आहे. मुलगा पुण्याला. दोन-तीन महिन्यांनी येतो, दोन दिवस राहतो.

"तो येतो दोन दिवसांसाठी, त्यात त्याला पडदे काढायला लावू का? आणि शेजारच्या मुलाला तरी किती वेळा बोलवायचं? माझ्या घरातला पडदा मला काढता येत नाही," असं त्या म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

कल्याण ते डोंबिवली गाडीत मध्ये ठाकुर्ली एवढंच स्टेशन. तेवढ्या वेळात मी एक गोष्ट मनाशी पक्की केली, ती आज लिहिते. पडदे घेताना आपण सगळ्या बायका आधी कापड बघतो. रंग, पोत, सोफ्याशी जुळतं का. मग शिलाई. मग पाइप. आणि हूक काय, शिंपी देईल तो. माझं म्हणणं आहे की हे उलट करा. आधी हूक बघा, आणि तो बघताना स्वतःला एकच प्रश्न विचारा: हा पडदा मला एकटीला, पाइपला हात न लावता, खाली घेता येईल का? उत्तर नाही असेल, तर कापड कितीही सुंदर असलं तरी तो पडदा तुमचा नाही, तो पाइपवाल्याचा आहे.

आमच्या सासूबाई हूकला आकडा म्हणायच्या. "दोन आकडे आण गं हार्डवेअरवाल्याकडून." मी सांगलीला कॉमर्स शिकून आलेली, मला आकडा म्हटलं की वहीतलाच आठवायचा. मी एकदा खरंच विचारलं होतं, "कुठले आकडे?" घरात पुढे कित्येक दिवस त्यावरून हसणं चाललं होतं.

१९८५ साली लग्न होऊन मी डोंबिवलीला आले. रामनगरात चाळीतली दीड खोली. मामंजी, सासूबाई, धाकटे दीर आणि आम्ही दोघं. बाहेरची खोली आणि स्वयंपाकाची अर्धी खोली यांच्यामध्ये दार नव्हतं, नुसती चौकट होती, आणि चौकटीत पडदा. तो टांगलेला स्प्रिंगवर. माझ्या वयाच्या वाचकांना ती स्प्रिंग लगेच आठवेल. प्लास्टिकचं पांढरं वेष्टण असलेली बारीक वेटोळ्यांची लांबलचक स्प्रिंग, दोन्ही टोकांना फिरवून बसवायच्या आटे असलेल्या कड्या, आणि चौकटीच्या लाकडात दोन्हीकडे एकेक आकडा. पडद्याला वर नेफा शिवायचा, नेफ्यातून स्प्रिंग घालायची, ताणून कड्या आकड्यात अडकवायच्या. झालं. मिस्त्री नाही, ड्रिल नाही. स्प्रिंग चौकटीपेक्षा थोडी आखूड कापायची, म्हणजे ताण राहतो. जास्त आखूड कापली तर आकडाच लाकडातून उपटून येतो.

नव्या नवरीला त्या पडद्याची किंमत काय असते हे आताच्या मुलींना सांगून कळायचं नाही, आणि न कळलेलंच बरं. साडी बदलायची ती त्याच्या आड. डोळे पुसायचे तेही त्याच्या आड. वर्षभरात स्प्रिंग सैल पडली, पडदा मधोमध वाकला आणि वर बोटभर, मग चार बोटं फट दिसू लागली. मी कोपऱ्यात भिंतीला चिकटून साडी बदलायला लागले. कुणाला काही बोलले नाही. बोलणार काय?

एका दुपारी भाजी घेऊन आले तर सासूबाई पाटावर उभ्या, हातात पक्कड. स्प्रिंगचा दोन बोटं तुकडा त्यांनी तोडून टाकला होता. कडी पुन्हा फिरवून बसवली होती, आणि चौकटीच्या वरच्या लाकडात अगदी मध्यावर तिसरा आकडा ठोकला होता, स्प्रिंगला आधार म्हणून. मध्ये आकडा आला की एकच पडदा इकडून तिकडे सरकत नाही, म्हणून त्यांनी पडदाही बदलला. पातळ फुलाफुलांचा काढून जाड तपकिरी कापडाचे दोन केले, हाताने शिवून. मला म्हणाल्या, "आता वाकायचा नाही तो." एवढंच. त्यांच्यामाझ्यात पुढे तीस वर्षांत भांडणं काही कमी झाली नाहीत, पण मी कधी फार चिडले की तो तिसरा आकडा आठवून गप्प बसायची.

असो. स्प्रिंगवरून पाइपवर येऊ.

स्वतःचा ब्लॉक झाला तो एमआयडीसीच्या निवासी भागाजवळ. तेव्हा पेल्मेटची फॅशन होती. खिडकीवर लाकडाची लांब पेटी, आत अॅल्युमिनियमची पट्टी, पट्टीत सरकणारे छोटे नायलॉनचे गोटे आणि गोट्यांना अडकवायचे हूक. आता पेल्मेट जुनाट म्हणून काढून टाकतात, पण त्याच्या आतली कल्पना उत्तम होती. पट्टी जागेवर राहते, पडदा एकेक हूक सोडवत खाली येतो. आज जे एम ट्रॅक म्हणून विकतात ते त्याचंच सुधारलेलं रूप. आणि पाइप हवाच असेल तर पाइपवर मोकळ्या कड्या, कडीला खाली छोटा डोळा, डोळ्यात पडद्याचा हूक. यातही पाइप हलत नाही. माझं मत या दोन्हींच्या बाजूने आहे.

आता थोडा हिशेब, नाहीतर पदवी फुकट गेली म्हणाल. पडद्याच्या कापडाचा पन्हा साधारण ४८ इंचांचा असतो. एका पन्ह्याचा पडदा शिवून, चुण्या घालून २० ते २२ इंच जागा झाकतो. चुण्या नीट दिसायच्या तर तयार रुंदीच्या दुप्पट कापड लागतंच, तिथे काटकसर केली की पडदा चादर वाळत घातल्यासारखा दिसतो. दर साडेतीन इंचांवर एक हूक धरला आणि दोन्ही टोकांना एकेक, तर एका पडद्याला सात. बॅगा तोलायचा लटकता काटा असतो ना, त्याला मी आमचा सात फुटी सुती पडदा लावून बघितला. साडेसहाशे ग्रॅम भरला. म्हणजे एका हुकावर शंभर ग्रॅमसुद्धा भार येत नाही. मग हूक तुटतात कशाने?

ओढण्याने. आपण पडदा सरकवतो तेव्हा पुढची कड धरून खेचतो, आणि सगळा झटका त्या पहिल्या हुकावर बसतो. बाकीचे सहा नुसते मागून चालत येतात. तुटलेले हूक बघा, बहुतेक कडेचेच असतील. म्हणून माझ्याकडे प्रत्येक पडद्याच्या पहिल्या जागी स्टीलचा हूक आणि मागे प्लास्टिकचे. दुसरं कारण ऊन. प्लास्टिक उन्हाने कडक होऊन तडकतं. आमच्या पश्चिमेच्या खिडकीचे हूक तीन वर्षांत बोटांनी मोडतात, उत्तरेचे तेच हूक अजून जसेच्या तसे आहेत. दुकानदार म्हणेल "ताई, अनब्रेकेबल आहे". घ्या, पण दहा जास्त घ्या आणि डब्यात ठेवा. नंतर तसाच आकार मिळत नाही, मग सातात एक वेगळा, आणि नेमकी तिथेच चुणी वाकडी.

धातूचे घ्यायचे तर पर्समध्ये छोटं चुंबक न्या. मी फ्रिजवरचं काढून नेते. पितळी म्हणून दिलेला हूक चुंबकाला चिकटला की समजायचं आत लोखंड आहे, वर नुसता मुलामा. आमच्याकडच्या हवेत लोखंडाचा टिकाव लागत नाही. डोंबिवलीत २०१४ च्या जानेवारीत हिरवा पाऊस पडला होता आणि २०२० च्या फेब्रुवारीत एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला होता, तो बघायला मुख्यमंत्री आले होते. अशा गावात हुकाला गंज आला तर नवल काय. त्या गंजाचा डाग पडद्याच्या वरच्या पट्टीवर उमटतो. लिंबू-मीठ चोळून उन्हात ठेवला की बराचसा जातो, पण आधी रंग जात नाही ना हे कोपऱ्यावर बघा.

टोकदार पिनचा हूक मिळतो, तो सरळ कापडात खुपसायचा. जाड, अस्तराच्या पडद्याला ठीक. पातळ सुतीला तो घेऊ नका, दर धुण्याला भोक मोठं होत जातं. त्यापेक्षा शिंप्याकडून मागे पट्टी शिवून घ्या. या पट्टीला वर-खाली दोन-तीन ओळींत छोटे खिसे असतात, आणि इथे एक युक्ती आहे जी मला कुणी सांगितली नव्हती. हूक खालच्या ओळीच्या खिशात घातला तर पडदा वर बसतो आणि पट्टी झाकली जाते. वरच्या ओळीत घातला तर पडदा इंच-दोन इंच खाली येतो. सुती कापड पहिल्या एक-दोन धुण्यांत आटतंच. म्हणून नवीन पडदा खालच्या ओळीत टांगायचा, आटला की हूक वरच्या ओळीत. पडदा पुन्हा जमिनीला टेकतो. उल्हासनगरच्या गजानन मार्केटमधून आणलेले माझे पडदे असे दोनदा "वाढले" आहेत.

आणि ब्रॅकेट. ते भिंतीत नीट नसतील तर वरचं सगळं व्यर्थ. जुन्या विटांच्या भिंतीत प्लास्टिकचा प्लग, ज्याला कारागीर गिट्टी म्हणतात, तो घट्ट बसतो. ठाण्याच्या नव्या टॉवरमध्ये भिंती हलक्या ठोकळ्यांच्या असतात, सगळे त्याला सिपोरेक्स म्हणतात. त्यात नेहमीची गिट्टी आणि आखूड स्क्रू काही दिवसांनी हातात येतो. लांब स्क्रू आणि त्या भिंतीसाठीचा वेगळा प्लग मागा. खिडकीच्या लगेच वर काँक्रीटची पट्टी असते, तिथे ड्रिल आत जायला त्रास होतो म्हणून कारागीर हळूच वर सरकतो आणि ठोकळ्यात भोक पाडतो. त्याच्या बाजूला उभ्या राहा.

आता धर्माचं. पडद्याच्या हुकाचा आणि धर्माचा काय संबंध, असं आमचे हे विचारतात. सांगते.

पेल्मेट काढायचं ठरलं तेव्हा आषाढ लागला होता. मिस्त्रीने वरची फळी उचकटली तर आत कोपऱ्यात पालीची दोन अंडी, पांढरी, वाटाण्याएवढी. मी म्हटलं, राहू द्या, नंतर या. तो म्हणाला, "नंतर म्हणजे कधी?" पालीची अंडी फुटायला दीड-दोन महिने लागतात. तो हसत गेला. दशलक्षण पर्व झाल्यावर बघितलं तर रिकामी टरफलं होती, मग त्याला बोलावलं. त्याने बाकी फी वाढवून घेतली, पण ते असो.

आपल्याकडे यत्नाचार म्हणतात. काम करायचं, पण बघून. मुनिमहाराज पिंछीने जागा झाडल्याशिवाय बसत नाहीत. आपण संसारी माणसं, आपल्याला तेवढं जमत नाही. पण पडद्याच्या चुण्यांत कोळी असतो, पतंग असतात, कधी गांधीलमाशी मातीचं घर करून बसलेली असते, हे माहीत असताना अख्खा पडदा धप्पकन खाली पाडायचा आणि तसाच साबणाच्या पाण्यात बुडवायचा, हे मला पटत नाही. हूक असले की पडदा एका कडेने, चुणी-चुणी उघडत खाली येतो. मागे काय आहे ते दिसतं. मी मऊ कुंच्याने बाल्कनीत झाडून घेते, मग भिजवते. पाइपवरून ओढून काढलेल्या पडद्याचा एक गठ्ठा होतो, त्यात काही बघता येत नाही. वर्षातून दोनदा मी पडदे धुते: चातुर्मास बसायच्या आधी एकदा, कारण पावसात ते वाळत नाहीत आणि दमट पडद्यात नको ते जीव होतात, आणि महावीर निर्वाणाच्या आधी एकदा. दिवाळीच्या पहाटे निर्वाण लाडू चढवून घरी यायचं आणि पडदे मळके, हे मला चालत नाही. हा माझा हट्ट आहे, धर्म नव्हे, एवढं मला कळतं.

आणखी एक आठवण, ती सांगितल्याशिवाय पडद्यांचा विषय आमच्या भागात पुरा होत नाही. २६ मे २०१६. स्वयंपाक चालला होता. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्फोट झाला आणि लांबलांबच्या इमारतींच्या काचा फुटल्या. आमच्या हॉलच्याही. मे महिन्याचं ऊन म्हणून पडदे ओढलेले होते, त्यामुळे आत आलेल्या काचांपैकी पुष्कळ पडद्यात अडकून खाली पडल्या. हे खिडकीपासून चार हातांवर बसले होते, त्यांना खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. पडद्याचे प्लास्टिकचे तीन हूक तुटले, स्टीलचे राहिले. पडदा म्हणजे काही ढाल नव्हे, त्या दिवशी कितीतरी माणसं गेली आणि त्यांच्याही घरी पडदे होतेच. २३ मे २०२४ ला पुन्हा तसाच आवाज झाला तेव्हा माझे हात आधी खिडकीकडेच गेले. कारखाने वस्तीतून हलवायचे की नाही हे काम सरकारचं आहे, आणि आम्ही वर्षानुवर्षं ते ऐकत आलो आहोत. मी त्या संध्याकाळी चिमट्याने कापडातून काचा वेचल्या. पडदा हुकावरून अलगद काढता आला म्हणून वेचता आल्या.

आता सूनबाईकडे वळते. ती हे वाचते, तेव्हा जपून लिहायला हवं.

मुलाने ठाण्याला घोडबंदर रस्त्यावर फ्लॅट घेतला. नवव्या मजल्यावर, छान आहे, खिडकीतून डोंगर दिसतो. सजावट करणाऱ्या मुलीने सगळीकडे छतापासून जमिनीपर्यंत आयलेटचे पडदे सुचवले होते, आणि मुलांच्या खोलीला दोरीने वर ओढायचे ब्लाइंड. मी वन्संची गोष्ट सांगितली. सूनबाई म्हणाली, "आई, आम्ही वर्षातून एकदा पडदे धुणार, तेही माणूस बोलावून. तो काढून नेतो, धुऊन लावून देतो. आणि आयलेटचे छान सरकतात, हूक अडकत नाहीत." तिचं चूक नव्हतं. आयलेट सरकायला सोपे, हूक हरवायची भानगड नाही, दोघं नोकरी करणारी. पण माझ्या तोंडून निघून गेलंच, "कर्ज वीस वर्षांचं घेतलंय ना? मग पडदेही वीस वर्षांनंतरच्या तुला काढता यायला हवेत." मुलगा खाली बघून हसत होता. सूनबाई हसली नाही. मला रात्री झोप लागली नाही, कारण सासूचं मत आणि सासूचा हुकूम यांतली रेघ फार बारीक असते, आणि ती ओलांडल्याचं ओलांडणाऱ्याला सगळ्यात शेवटी कळतं.

दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितलं, तुझं घर आहे, तुला हवे ते लाव. फक्त ब्लाइंडची दोरी नको. लहान मुलाच्या गळ्याला तिचा फास बसू शकतो. अमेरिकेत असे मृत्यू इतके झाले की २०१८ च्या शेवटापासून तिथल्या मानकाप्रमाणे दुकानात तयार मिळणाऱ्या ब्लाइंडला लोंबती दोरी चालत नाही. आपल्याकडे बिनधास्त विकतात. नात तेव्हा दोन वर्षांची होती. हे एक मात्र मी मत म्हणून नाही, हट्ट म्हणूनच सांगितलं.

तिने विचार केला आणि स्वतःच मधला रस्ता काढला. हॉलमध्ये छताला एम ट्रॅक, दोन्ही बेडरूममध्ये भिंतीवर साडेसात फुटांवर पाइप आणि कड्या-हूक. मी आधी समजत होते की छताचा ट्रॅक म्हणजे आयलेटसारखाच त्रास. तसं नाही. त्यातही पडदा हूक सोडवूनच निघतो, तिथे माझं चुकलं होतं. पण साडेनऊ फूट उंचीवर हात पोचायला चांगली शिडी हवी. गृहप्रवेशाला सगळ्यांनी चांदीच्या वाट्या आणल्या. मी तीन पायऱ्यांची, वर धरायला दांडा असलेली अॅल्युमिनियमची शिडी दिली. पायऱ्या रुंद, पायांना रबर. विहीणबाई जरा चमकल्या. पण घरात शिडी नसते म्हणून बायका स्टुलावर चढतात, खुर्चीवर स्टूल ठेवून चढतात, हे कुणी लक्षात घेत नाही. वन्संनाही तशीच शिडी आणि मोकळ्या कड्या घेऊन जाणार आहे. पाइप तोच राहील, आयलेटची पट्टी कापून मागे खिशांची पट्टी शिवायची, चार पडद्यांना एक दुपार पुरेल. पडदे चार-पाच इंच आखूड होतील, त्याला खालून वेगळ्या रंगाची किनार जोडायची. शिडीवर त्या चढणार नाहीत, मी किंवा कामवाली चढेल, पण पाइप उचलायला मुलाची वाट बघावी लागणार नाही.

धुताना हूक काढून घ्या, हे सांगायचं राहिलं. मशीनमध्ये हुकासकट पडदा टाकला तर कापड फाटतं, आणि सुटलेला हूक कुठे जाऊन बसेल सांगता येत नाही. मी मोजून काढते, मोजून मलमलच्या पिशवीत ठेवते, आणि वहीत लिहिते: हॉल २८, खोली १४. घातले तेवढे निघाले पाहिजेत. हिशेब जुळला नाही तर मशीन सुरू करायचं नाही.

परवा सूनबाईचा फोन आला. तिने पहिल्यांदाच बेडरूमचे पडदे स्वतः काढले होते, माणूस आला नाही म्हणून. म्हणाली, "आई, २८ असायला हवेत ना? २७ निघाले." मी विचारलं, मशीन लावलंस का? लावलं होतं. मग दाराच्या रबराच्या घडीत बोट घालून बघ म्हटलं, अगदी खाली, जिथे पाणी साचतं. फोन तसाच चालू ठेवून ती गेली. नात फोनवर माझ्याशी बोलत बसली. दोन मिनिटांनी मागून आवाज आला, "सापडला!"